युरोपात दोन वर्षांचे कॉल रेकॉर्ड ठेवणं सक्तीचं आहे का?

‘युरोपात प्रत्येक मोबाइल कंपनीला सगळ्या ग्राहकांचा तपशील दोन वर्षं सांभाळावाच लागतो,’ हे वाक्य अजूनही बिनधास्त फेकलं जातं. पण तो नियम २०१४ सालीच बाद झाला.

माद्रिद आणि लंडनमधल्या बॉम्बस्फोटांनंतर २००६ मध्ये युरोपीय संघाने हा नियम आणला होता. कोणी कोणाला, कधी, कुठून फोन केला ही नोंद किमान सहा महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षं ठेवायची. संभाषण त्यात नव्हतंच. म्हणजे तेव्हाही सरसकट दोन वर्षं हे खरं नव्हतं. ८ एप्रिल २०१४ रोजी युरोपीय न्यायालयाने तो रद्द केला, कारण संशय नसलेल्या कोट्यवधी लोकांवर ती पाळत ठरत होती.

खरी गंमत पुढे झाली. स्वीडनमध्ये टेले-टू कंपनीने नोंदी साठवणं थांबवलं, तर देशांतर्गत कायद्याचा हवाला देत तिथल्या नियामकाने ते पुन्हा सुरू करायला सांगितलं. कंपनी कोर्टात गेली. डिसेंबर २०१६ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं की सरसकट साठवणूक देशाच्या कायद्यानेही लादता येणार नाही. २०२० च्या निकालात मात्र राष्ट्रीय सुरक्षेला गंभीर धोका असल्यास ठरावीक मुदतीपुरती मुभा मिळाली.

युरोपीय संघाचा त्याआधीचा मूळ नियम २००२ चा आहे आणि तो नेमका उलट आहे: फोन जोडण्याचं काम संपलं की नोंद पुसा किंवा निनावी करा. बिलासाठी लागणारी माहिती ठेवता येते, तीही बिलावर तक्रार करण्याची किंवा वसुलीची मुदत संपेपर्यंतच.