वंचित तरुणांसाठी सुरक्षित वस्ती धोरण

गरीब, स्थलांतरित, अल्पसंख्य, अपंग, बेघर, तृतीयपंथी अशा समाजाच्या कडेला राहिलेल्या तरुणांना मारहाण व छळाच्या भीतीशिवाय वावरता यावे, यासाठी आखलेली सार्वजनिक धोरणे. या तरुणांना उपद्रव मानणारे धोरण फक्त गस्त वाढवते. धोका त्यांनाच आहे असे धरले की दिवाबत्ती, वाहतूक, रुग्णालय, शाळा ही सगळी खाती कामाला लागतात.

पहिली अडचण माहितीची. पोलिसांतील नोंदी अपुऱ्या असतात, कारण सूड उगवला जाण्याची धास्ती असते किंवा तक्रार करणाऱ्यावरच संशय घेतला जातो. वेल्समधील कार्डिफ येथे जबड्याचे शल्यविशारद जोनाथन शेफर्ड यांनी यावर वाट काढली. रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जखमीला हल्ला कुठे, केव्हा आणि कशाने झाला एवढे विचारायचे. मग नाव गाळून ही माहिती नगरपालिका व पोलिसांना द्यायची. नावे बाहेर फुटली तर जखमी रुग्णालयाची पायरीच चढत नाहीत.

दुसरे साधन पाहणी फेरीचे. १९८९ मध्ये टोरोंटोत स्त्रियांच्या सुरक्षिततेसाठी ही पद्धत तयार झाली. पाच-सहा जण अंधार पडल्यावर रोजच्या वाटेने चालतात आणि बंद दिवे, फांद्यांआड गेलेले खांब, आडोसे, पुढे वाट नसलेले बोळ, शेवटच्या बसची वेळ टिपतात. दिवसा काढलेली फेरी जवळजवळ वाया जाते. गणवेशातला पोलीस सोबत असला की तरुण गप्प बसतात. मुलींचा गट वेगळा ठेवलेला बरा. प्रत्येक दोषापुढे जबाबदार खाते आणि मुदत लिहावी, नाहीतर यादी फायलीत पडून राहते. एकच प्रखर दिवा लावूनही भागत नाही: झोताबाहेरचा काळोख डोळ्यांना आणखी गडद वाटतो. सारखा पसरलेला सौम्य उजेड अधिक उपयोगी.

काही लोकप्रिय उपाय मात्र फसले आहेत. अमेरिकेत अल्पवयीनांवर घातलेल्या रात्रीच्या संचारबंदीने गुन्हे घटल्याचे अभ्यासांत दिसले नाही. मुलांना तुरुंग दाखवून धाक घालण्याचे कार्यक्रम तर उलटले. त्यांत नेलेल्या मुलांकडून पुढे गुन्हे जास्तच घडले. अडचणीतल्या मुलांना एकाच गटात कोंबले की ती एकमेकांकडून नको ते उचलतात. वर्षभराच्या अनुदानावर नेमलेला वस्ती कार्यकर्ता ओळख होते न होते तोच निघून जातो.

मोजमापातही फसगत होते. यंत्रणेवर विश्वास बसू लागला की आधी तक्रारी वाढतात, आणि तेवढ्यावरून चांगली योजना गुंडाळली जाते. म्हणून तक्रारींचा आकडा जखमींच्या आकड्याशेजारी ठेवून वाचावा लागतो.