बारा टक्के, पण कशाचे?

पुण्याच्या पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या सागाला कुणी ओलीचा आकडा लावला नव्हता. माल वाळायला रचून ठेवायचा, घाई करायची नाही, फळी उचलून आणि टिचकी मारून बघायची, यावर सुतारांचं भागत होतं. लाकूड कुठल्या डोंगरातून आलंय आणि किती पावसाळे पडून आहे, हे वखारवाल्याला ठाऊक असायचं.

हे गणित बिघडलं ते गेल्या तीसेक वर्षांत. डिसेंबर 1996 च्या न्यायालयीन आदेशानंतर देशी जंगलतोडीवर बंधनं आली, 2014 मध्ये म्यानमारने ओंडक्यांची निर्यात बंद केली, आणि भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधल्या गिऱ्हाइकासमोर आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतल्या लागवडीचा साग येऊ लागला. कंटेनरमधून उतरलेल्या मालाचा पूर्वेतिहास कोण सांगणार? मग लाकडातली ओल मोजणारे मॉइश्चर मीटर आले आणि बिलावर ‘12 टक्के’ लिहून मिळू लागलं.

गोंधळ या टक्क्यातच आहे. लाकूडकामात पाण्याचं वजन भागिलं पूर्ण कोरड्या लाकडाचं वजन, असा हिशोब धरतात. बॉयलरला जळण पुरवणारे आणि कागद गिरण्या मात्र ओल्या मालाच्या वजनाने भागतात. फळीच्या मधून कापलेली चकती 64 ग्रॅम भरली, 103 अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवल्यावर 56 ग्रॅम झाली, तर उडालेलं पाणी 8 ग्रॅम. कोरड्या हिशोबाने ओल 14.3 टक्के, ओल्या हिशोबाने 12.5. ज्याला 13 च्या आत माल हवा आहे त्याच्यासाठी एकच चकती एकदा नापास, एकदा पास.

जळणवाल्यांचंही चुकत नाही. त्यांना विकत घेतलेल्या टनात पाणी किती एवढंच बघायचं असतं. पण सुताराला कोरडाच हिशोब सोयीचा. कोरडं वजन बदलत नाही, त्यामुळे दोन नोंदींमधला फरक थेट गेलेल्या पाण्याचा असतो. ओल्या हिशोबात भाजकच सरकत राहतो. ताज्या लाकडाची ओल कधीकधी 100 टक्क्यांच्या वर जाते, आणि ते ऐकून लोक हसतात, पण कोरड्या हिशोबात त्यात वावगं काही नाही.

पेशींच्या पोकळीतलं पाणी संपून फक्त भिंतींत उरतं, तो साधारण 30 टक्क्यांचा टप्पा 1906 मध्ये अमेरिकेत नोंदला गेला. त्याच्या खालीच लाकूड आकसतं. 1920 च्या दशकाच्या अखेरीस तिथेच विजेचा रोध मोजून ओल ओळखायची युक्ती सापडली: 7 टक्क्यांवरून 25 पर्यंत जाताना रोध हजारो पटींनी घटतो. आजचे पिनवाले मीटर त्याच तत्त्वावर चालतात आणि आकडा दाखवतात तो कोरड्या हिशोबाचा. मात्र छोट्या पिना काही मिलिमीटरच आत जातात. भट्टीतून घाईने काढलेली दोन इंची फळी वरून 11 दाखवते आणि गाभ्यात 18 असू शकते. म्हणून टोकाला पिन टोचून दाखवणाऱ्या विक्रेत्याला फळी मधून कापायला सांगावं. पटकन तयार होत नाहीत.

देशाच्या मानकात ओलीची मर्यादा ठरवताना हवामानाचे चार विभाग केले आहेत, तेही वार्षिक सरासरी आर्द्रतेवर. पुण्यासारख्या गावाला सरासरी फारशी उपयोगी नाही. एप्रिलच्या दुपारी आर्द्रता 20-25 टक्क्यांवर उतरते, ऑगस्टमध्ये दिवसचे दिवस 80 च्या आसपास रेंगाळते. हवा 80 वर टिकली तर लाकूड 16 टक्क्यांकडे जातं, 30 वर टिकली तर 6 कडे. सागाची 300 मिलिमीटर रुंद फळी 16 वरून 10 वर आली, तर रुंदीत जवळपास साडेतीन मिलिमीटर कमी होते. उन्हाळ्यात बसवलेलं दार जुलैत का घासतं, ते यात आलं.

चाकणच्या बाजूने येणाऱ्या पॅकिंगच्या पाइन फळ्यांवर ‘एचटी’ (हीट ट्रीटमेंट) शिक्का असतो, आणि हल्ली हौशी मंडळी तो वाळवल्याचा दाखला समजतात. तो किडीसाठी आहे: गाभा 56 अंशांवर 30 मिनिटं तापवला, इतकंच. ओलीबद्दल त्यात एक अक्षर नाही.