पन्नास पौंड नेमके कोणाचे? रिकर्व्हवरून लाँगबोकडे वळणाऱ्यांसाठी

इंदूरच्या मराठी घरांतली मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी अमेरिका-कॅनडात जातात. त्यांपैकी जी येथे मैदानावर रिकर्व्ह धनुष्य ओढत वाढलेली असतात, ती तेथे गेल्यावर केव्हा तरी मूज किंवा एल्क या मोठ्या हरणांच्या शिकारीसाठी पारंपरिक लाँगबो घ्यायला निघतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे हा मजकूर केवळ तेथील परवान्याने, तेथील नियमांत राहून शिकार करणाऱ्यांसाठी आहे. त्यांचा प्रश्न मात्र दर वेळी एकाच शब्दांत येतो: "काका, रिकर्व्हवर मी 44 पौंड ओढतो, मग लाँगबो किती पौंडांचा घेऊ?" या प्रश्नातले दोन्ही 'पौंड' एकच आहेत, असे गृहीत धरूनच तो विचारलेला असतो, आणि सगळा घोळ तेथेच आहे.

आकारातला फरक थोडक्यात उरकतो. दोरी चढवल्यावर रिकर्व्हच्या भुजांची टोके पुढे वळलेली राहतात आणि दोरी त्या टोकांवर काही अंतर टेकून असते. लाँगबोमध्ये दोरी फक्त खाचेत बसते, भुजेला इतरत्र कोठेही टेकत नाही. लांबीने लाँगबो ठरत नाही. भगोरियाच्या दिवसांत झाबुआ-अलीराजपूरकडे भिलांच्या हाती दिसणारा बांबूचा तिरकामठा, ज्याची दोरीसुद्धा बांबूच्या पट्टीची असते, तोही या कसोटीने लाँगबोच्याच घराण्यात बसतो. इंग्रजी पद्धतीचा, जाड भुजांचा, यू नावाच्या झाडाच्या लाकडाचा लाँगबो इतिहास म्हणून मला प्रिय आहे. 1545 मध्ये बुडालेल्या मेरी रोझ या इंग्रजी युद्धनौकेतून अशी 137 अखंड धनुष्ये मिळाली. पण शिकारीसाठी मी निःसंकोचपणे चपट्या भुजांचा, लाकूड आणि फायबरग्लासच्या थरांचा अमेरिकन लाँगबोच सुचवतो. तो ओलाव्याला दाद देत नाही आणि तासन्‌तास दोरी चढवून ठेवला तरी ढिला पडत नाही. रिकर्व्ह श्रेष्ठ की लाँगबो, या वादात मला रस नाही: अमेरिकेतले नामांकित धनुर्धर-शिकारी फ्रेड बेअर यांनी रिकर्व्हने आणि हॉवर्ड हिल यांनी लाँगबोने हत्तीपर्यंतची शिकार केलेली आहे.

आता मूळ मुद्दा. धनुष्याच्या भुजेवर '50, 28 इंचांवर' असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ एवढाच की दोरी 28 इंच ओढली असता 50 पौंड, म्हणजे सुमारे 22.7 किलो, ताण येतो. हे धनुष्याचे वजन झाले. तुमच्या बोटांवर येणारे वजन तुम्ही दोरी कोठपर्यंत आणता यावर ठरते, आणि साधारणपणे दर इंचामागे दोन ते तीन पौंडांचा फरक पडतो. हे रिकर्व्हवाल्यांना ठाऊक नसते असे नाही, पण त्यांना त्याची झळ कधी लागलेली नसते. त्यांच्या धनुष्याला क्लिकर, म्हणजे बाण ठरलेल्या लांबीपर्यंत ओढला की 'टिक्' वाजणारी पट्टी, असतो, त्यामुळे ओढ दर बाणाला सारखीच राहते. वजन थोडे कमी-अधिक करायचे झाल्यास भुजा धरणारे बोल्ट फिरवता येतात, आणि तेवढ्याने भागले नाही तर दुसऱ्या भुजा बसवता येतात. बहुतेक लाँगबो अखंड असतात. तेथे बोल्ट नाही, क्लिकर नाही, आणि चुकीचा आकडा घेतला तर धनुष्यच बदलावे लागते.

त्यात भर म्हणजे लाँगबो हाती घेतल्यावर ओढ आपोआप आखडते. मैदानावर हात हनुवटीखाली टेकतो आणि मान ताठ असते. शिकारी बोट ओठांच्या कोपऱ्याला लावतो, धनुष्य तिरपे धरतो, पुढचा कोपर किंचित वाकवतो, गुडघ्यांत झुकतो, आणि अंगात जाड कोट असतो. या सगळ्यात इंच-दीड इंच सहज जातो. माझ्या भाच्याने अलास्कात मूजसाठी '50, 28 इंचांवर' असा लाँगबो घेतला, कारण रिकर्व्हवर त्याची ओढ बरोबर 28 इंच होती. शिकारीच्या पवित्र्यात ती साडेसव्वीस भरली आणि काट्यावर 46 पौंड दिसले. अलास्कात मूजसाठी किमान 50 पौंडांची अट आहे. कागदावर त्याचे धनुष्य त्या अटीत बसत होते, पण अट ज्या ताकदीसाठी घातलेली आहे, ती त्याच्या बाणामागे नव्हती.

मोजण्यातही एक मेख आहे आणि जाणकारसुद्धा तेथे चुकतात. ठरलेल्या पद्धतीत ओढीची लांबी म्हणजे दोरी बसणाऱ्या बाणाच्या खाचेपासून मुठीच्या सर्वांत खोल भागापर्यंतचे अंतर, अधिक पावणेदोन इंच. म्हणजे '28 इंच' लिहिलेले असते तेव्हा मुठीपर्यंतचे अंतर सव्वासव्वीस इंच असते. "माझा बाण 29 इंचांचा आहे, म्हणून माझी ओढ 29" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते पुन्हा ऐकावेसे वाटत नाही. बाणाची लांबी ही ओढीची लांबी नव्हे.

म्हणून आधी एखादे हलके लाँगबो उसने घ्यावे, नेहमीपेक्षा लांब बाण लावावा, कोट घालून शिकारीच्या पवित्र्यात ओढावे आणि बाजूला उभ्या असलेल्या माणसाकडून मुठीच्या खोल भागासमोर बाणावर पेनाने खूण करून घ्यावी. पहिल्या दोन-तीन खुणा सोडून द्याव्यात, कारण माणूस नकळत छाती फुगवून ओढतो. दहाव्या-बाराव्या ओढीची खूण खरी मानावी. बाण सोडायचा नाही आणि रिकामी दोरी तर कधीही सोडायची नाही. मिळालेल्या अंतरात पावणेदोन मिळवून कारागिराला "मला साडेसव्वीस इंचांवर 50 हवेत" असे सांगावे. "50 पौंडांचे द्या" असे म्हणू नये.

कमी ओढीची भरपाई म्हणून 60 पौंडांचे धनुष्य मागवणे हा मला सर्वांत न पटणारा उपाय आहे. असे धनुष्य पहाटेच्या थंडीत, तासभर निश्चल बसल्यावर पुरते ओढले जात नाही आणि ओढ आणखी आखडते. स्वतःच्या ओढीवर 50 पौंड, दर पौंडामागे सुमारे 10 ग्रेन (बाणाचे वजन मोजण्याचे छोटे एकक) म्हणजे 500 ग्रेनच्या, सुमारे 32 ग्रॅमच्या, आसपासचा बाण आणि वस्तऱ्यासारखे धारदार दुपाती टोक एवढे मोठ्या हरणवर्गीय प्राण्यांना पुरते. बाण धक्क्याने मारत नाही. तो फुप्फुसांतून आरपार जाऊन रक्तस्रावाने मारतो, आणि त्यासाठी धार व वजन हवे. जड बाणाने लाँगबोचा हाताला बसणारा झटकाही कमी होतो. अंतर 20 यार्डांच्या आत ठेवावे आणि प्राणी आडवा उभा नसेल तर बाण सोडू नये. जखमी होऊन निसटलेला प्राणी दिवसभर वेदनेत फिरतो.

लांबीबाबत, ओढ 27 इंचांपर्यंत असेल तर 64 किंवा 66 इंचांचे धनुष्य घ्यावे. आखूड धनुष्य झुडपांत सोयीचे असते, पण ओढीच्या शेवटी ताण एकदम चढतो आणि दोरी बोटांना चिमटते.

धनुष्य घरी आले की प्रवासातले सामान तोलायचा हाताचा काटा दोरीला अडकवून, स्वतःच्या ओढीच्या खुणेपर्यंत हळू ओढून आकडा पाहावा, आणि तोच आकडा वहीत लिहून त्यावरून बाणांची कांडी निवडावी.