प्रवासात मेल अडू नये म्हणून

आमच्या ईमेल सेवेच्या ग्राहकांसाठी

बाहेरगावी गेलेल्या ग्राहकांचे आम्हाला सर्वांत जास्त फोन येतात ते एकाच तक्रारीचे: "मेल येतायत, पण माझे जात नाहीत." मेल आउटबॉक्समध्ये अडकलेला असतो आणि तोवर पासवर्ड दोन-तीनदा बदलून झालेला असतो. कृपया पासवर्ड बदलू नका. दोष बहुतेक वेळा त्याचा नसतोच.

मेल येण्याची वाट वेगळी आणि जाण्याची वेगळी. जाणारा मेल एसएमटीपी या पद्धतीने जातो आणि त्याचा जुना पोर्ट, म्हणजे सर्व्हरवरच्या दाराचा क्रमांक, २५. स्पॅम पाठवणारे हीच वाट वापरतात, त्यामुळे हॉटेलांच्या आणि विमानतळांच्या वाय-फायवर ती बऱ्याचदा बंद असते. म्हणून आउटगोइंग सर्व्हरचा पोर्ट ५८७ किंवा ४६५ ठेवा, एन्क्रिप्शन चालू ठेवा आणि या सर्व्हरलाही युझरनेम-पासवर्ड दिलाय ना, ते तपासा. ५८७ हा पोर्ट १९९८ पासून खास याच कामासाठी राखलेला आहे. आउटगोइंग सर्व्हरच्या जागी घरच्या इंटरनेट कंपनीचा सर्व्हर टाकलेला असेल तर तो काढा. अनेकदा तो फक्त त्यांच्याच जोडणीवरून आलेले मेल घेतो.

याची परीक्षा घरीच घेता येते. फोनचं वाय-फाय बंद करा, मोबाइल डेटावरून दुसऱ्या एखाद्या पत्त्यावर मेल पाठवा आणि तिथून उत्तर मागवा. लॉगिन आणि सर्व्हरचं नाव बरोबर आहे की नाही, ते लगेच कळेल.

मेल येतच नसतील, तर घरचा कॉम्प्युटर आठवा. तो चालू राहिला असेल आणि पॉपवर (मेल उतरवून घेण्याची जुनी पद्धत) असेल, तर दर काही मिनिटांनी सगळे मेल उतरवून घेतो आणि बऱ्याचदा सर्व्हरवरून पुसून टाकतो. फोनला मग काहीच उरत नाही. निघण्याआधी खातं आयमॅपवर आणा, त्यात मेल सर्व्हरवरच राहतात आणि सगळीकडे दिसतात. ते जमत नसेल तर 'सर्व्हरवर प्रत ठेवा' या पर्यायावर टिक करा, नाहीतर मेलचा प्रोग्राम बंद करून निघा.

आता ओटीपी. इथे माणूस खरोखर अडकतो, म्हणून आग्रहाने सांगतो. परदेशात उतरल्यावर तुम्ही तिथलं सिम घालता. नव्या ठिकाणाहून लॉगिन दिसल्यामुळे सर्व्हर ओटीपी मागतो आणि तो जातो पाकिटात ठेवलेल्या जुन्या सिमवर. ऑथेंटिकेटर ॲप आधीच लावून ठेवा. त्याला नेटवर्क लागत नाही, दर ३० सेकंदांनी तो फोनवरच नवा कोड काढतो. हा कोड फोनच्या घड्याळावरून निघतो, म्हणून काटे हाताने पुढे-मागे करू नका, टाइम झोन आपोआप बदलू द्या. आणि बॅकअप कोड (ओटीपीऐवजी चालणारे, आधीच घेऊन ठेवायचे कोड) कागदावर उतरवून फोनपासून वेगळ्या बॅगेत ठेवा. फोनच हरवला तर तोच कागद कामी येतो.

हॉटेलचं वाय-फाय जोडल्यावर मेल ॲप कधीकधी 'सर्टिफिकेट (म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र) जुळत नाही' असा इशारा देतं. कारण बहुधा साधं असतं: तुम्ही त्यांच्या लॉगिन पानावर नाव किंवा खोली क्रमांक भरलेला नसतो आणि आमच्या सर्व्हरऐवजी त्यांची यंत्रणाच उत्तर देत असते. तरीही 'पुढे चला' दाबू नका, पासवर्ड भलत्याच हाती पडू शकतो. ब्राउझर उघडून आधी ते पान भरा, मग मेल उघडा. इशारा तरीही आला तर ते वाय-फाय सोडा आणि मोबाइल डेटा वापरा. लॉबीतल्या सार्वजनिक कॉम्प्युटरवर मेल उघडू नये, असंच आमचं मत आहे.

फोटो पाठवताना लक्षात ठेवा: जोडलेली फाइल मेलमध्ये जाताना साधारण एक तृतीयांशाने फुगते. २५ एमबीची मर्यादा असेल तर १८ एमबीच्या वर जाऊ नका. मंद वाय-फायवर तेवढंही जड जातं, लिंक पाठवलेली बरी.

आपोआप जाणाऱ्या उत्तरात घर किती दिवस बंद आहे ते लिहू नका. 'उत्तराला उशीर होईल' एवढं पुरे.

निघण्याच्या चार दिवस आधी आम्हाला फोन करा. फोन आणि लॅपटॉप समोर ठेवा, सेटिंग एकेक करून सोबत तपासू.