थेट केबल जोडणी (संगणक व घरगुती सर्व्हर)

घरातला संगणक आणि घरातलाच सर्व्हर यांच्यामध्ये राउटर किंवा स्विच (अनेक यंत्रांच्या केबली एकत्र जोडणारी पेटी) न ठेवता दोघांना एकाच केबलने जोडणे, आणि त्या केबलवरून घरच्या बाकीच्या नेटवर्कच्या कैक पट वेगाने फायलींची ने-आण करणे, म्हणजे थेट केबल जोडणी. घरगुती सर्व्हर हा बहुधा चार-सहा हार्ड डिस्कची पेटी (नॅस) असतो, नाहीतर त्याच कामाला लावलेला जुना डेस्कटॉप. वेग सहसा सेकंदाला १० गिगाबिट. इंटरनेट पूर्वीसारखे राउटरमधूनच येत राहते. ही केबल फक्त या दोघांच्या आपसातल्या कामासाठी.

तांब्याच्या तारेवरून १ गिगाबिटचे इथरनेट (केबलने जोडलेल्या नेटवर्कचे मानक) १९९९ मध्ये प्रमाणित झाले आणि बहुसंख्य घरे अजून तिथेच आहेत. १ गिगाबिट म्हणजे सेकंदाला १२५ मेगाबाइट. डेटा ज्या तुकड्यांत (पाकिटांत) जातो त्यांवरचे पत्ते वगैरे वजा जाता पदरात ११०-११५ पडतात. आजची एकटी मोठी हार्ड डिस्कही सलग वाचताना सेकंदाला २०० मेगाबाइटच्या आसपास देते, एसएसडी तर त्याहून किती तरी जास्त. म्हणजे अडते ते केबलपाशी. लग्नाच्या चित्रीकरणाच्या १०० गिगाबाइट फायली सर्व्हरवर टाकायला एरवी पाव तास लागतो. १० गिगाबिटवर, डिस्कने साथ दिली तर, तेच काम दीड मिनिटाचे.

१० गिगाबिटचे मानक फायबरसाठी २००२ मध्ये आणि तांब्याच्या नेहमीच्या केबलसाठी २००६ मध्ये आले. घरात मात्र ते फारसे शिरले नाही, कारण त्या वेगाचा स्विच बराच काळ घरच्या खिशाला परवडणारा नव्हता. यंत्रे दोनच असतील तर स्विच लागतच नाही, आणि थेट जोडणीचे सगळे अर्थकारण या एका गोष्टीवर उभे आहे. त्यात डेटा सेंटरांनी काढून टाकलेली मेलानॉक्स कनेक्टएक्स-३ किंवा इंटेल एक्स५२० यांसारखी नेटवर्क कार्डे जुन्या मालाच्या बाजारात येतात. ती सर्व्हरच्या पेटीतल्या जोरदार वाऱ्यासाठी घडवलेली असतात. घरच्या शांत कॅबिनेटमध्ये ती तापतात, म्हणून त्यांच्यासमोर एक छोटा पंखा झिप-टायने बांधलेला दिसला तर तो हौशीपणा समजू नये. कार्ड कोणत्या स्लॉटमध्ये बसले हेही पाहावे लागते : पीसीआय एक्स्प्रेस २.० (कार्डे बसवायच्या स्लॉटचा एक प्रकार) च्या एका लेनमधून, म्हणजे एका वाटेतून, सेकंदाला ५०० मेगाबाइटच जातात, म्हणजे निम्म्याहून जास्त वेग तिथेच गेला.

सर्व्हर टेबलाखालीच असेल तर कार्डावरच्या एसएफपी+ नावाच्या खाचेत बसणारी, दोन्ही टोके कायमची जोडलेली एक ते तीन मीटरची तांब्याची केबल (डॅक) पुरते. ती कमी तापते आणि बिघडण्यासारखे तिच्यात फारसे काही नसते. सर्व्हर दुसऱ्या खोलीत असेल तर फायबर बरा. त्यातून वीज वाहत नाही, त्यामुळे वळवाच्या पावसात वीज कडाडली तरी एका यंत्रातला झटका केबलवाटे दुसऱ्यात जात नाही. नेहमीची आरजे-४५ टोकांची केबल वापरायची तर कॅट-६ए शंभर मीटरपर्यंत चालते, कॅट-६ सुमारे ५५ मीटरपर्यंत. पूर्वी दोन संगणक थेट जोडायला एका टोकाच्या १ व २ क्रमांकाच्या तारा दुसऱ्या टोकाला ३ व ६ वर नेलेली ‘क्रॉस केबल’ लागे. गिगाबिटपासून ही अदलाबदल कार्डेच करतात. फायबरमध्ये मात्र पाठवणारा धागा समोरच्या घेणाऱ्या खाचेतच गेला पाहिजे; कार्डावरचा जोडणीचा दिवा लागत नसेल तर आधी धागे उलटे करून पाहावेत.

केबल लागली की खरे काम सुरू होते, ते पत्त्यांचे. या वाटेवर पत्ते वाटणारा राउटर नाही. काहीच केले नाही तर दोन्ही यंत्रे १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते स्वतःच घेतात. त्यापेक्षा संगणकाला १०.१०.१०.१, सर्व्हरला १०.१०.१०.२ आणि दोघांना २५५.२५५.२५५.० हा मास्क (पत्त्याचे पहिले तीन आकडे म्हणजे एक मालिका, असे सांगणारा आकडा) हाताने द्यावा. घरचे नेटवर्क १९२.१६८.१ चे असेल तर ही मालिका वेगळीच हवी. संगणकाची दोन्ही कार्डे, राउटरकडचे आणि या केबलचे, एकाच मालिकेत ठेवली की कुठले पाकीट कुठल्या वाटेने पाठवायचे हे संगणकाला पत्त्यावरून ठरवता येत नाही. गेटवेची (बाहेर जाणाऱ्या वाटेच्या पत्त्याची) चौकट रिकामी सोडायची. ती भरली तर संगणक इंटरनेटही याच केबलवर शोधू लागतो, आणि पलीकडे तर नुसत्या डिस्क.

गेटवे नसल्यामुळे विंडोज या जोडणीला ‘अनोळखी नेटवर्क’ समजून सार्वजनिक वर्गात टाकते आणि तिची फायरवॉल फाइल शेअरिंगची वाट अडवू शकते. सर्व्हर दिसत नाही म्हणून केबल बदलत बसण्याआधी हा वर्ग खासगी करून पाहावा.

सर्वांत जास्त फसवणारी चूक याच्याही पुढची. सगळे जुळलेले असते, कॉपीही सुरू होते, पण खिडकीत आकडा ११२ मेगाबाइटवर ठाण मांडून बसतो. कारण नेटवर्क ड्राइव्ह जुन्या नावाने जोडलेला असतो, ते नाव राउटरकडच्या पत्त्याला घेऊन जाते, आणि नवी केबल शेजारी रिकामी पडून राहते. ११२ हा आकडा दिसला की आधी हेच तपासावे. ड्राइव्ह काढून थेट १०.१०.१०.२ या पत्त्याने पुन्हा जोडावा, किंवा होस्ट्स फाइलमध्ये (कुठले नाव कुठल्या पत्त्याचे याची संगणकातली यादी) त्या पत्त्यासमोर सर्व्हरचे नवे नाव लिहावे. विंडोज ८ पासून आलेले एसएमबी मल्टिचॅनल (फाइल शेअरिंगसाठी एकाहून जास्त वाटा वापरण्याची सोय) दोन्ही टोकांना चालू असेल तर संगणक जलद वाट स्वतःही निवडतो. तरी हाताने लिहिलेला पत्ता जास्त भरवशाचा.

पाकिटाचा आकार १५०० बाइटवरून ९००० वर नेण्याचा (जंबो फ्रेम) सल्ला जिथे तिथे मिळतो. आजच्या प्रोसेसरवर त्याने होणारा फायदा बेताचाच असतो, त्यामुळे सुरुवात १५०० वरच करावी. बदलायचेच तर दोन्ही टोकांना. विंडोजच्या अनेक ड्रायव्हरांत हा आकडा ९०१४ असा दिसतो, कारण तिथे इथरनेटच्या शीर्षकाचे १४ बाइटही मोजलेले असतात; लिनक्समध्ये तोच ९०००.

केबलचा वेग तपासायला आयपर्फ३ हा डिस्क मध्ये न आणता फक्त नेटवर्क मोजणारा प्रोग्रॅम वापरतात. त्याने सुमारे ९.४ गिगाबिट दाखवले की केबल, कार्ड आणि स्लॉट तिन्ही ठीक. कॉपी तरीही रेंगाळत असेल तर दोष बहुधा डिस्ककडे. मोठी फाइल पाठवताना पहिले काही गिगाबाइट सेकंदाला एक गिगाबाइटने पळतात आणि मग वेग एकदम कोसळतो, तेव्हा आधीचे लेखन सर्व्हरच्या मेमरीत साठत होते आणि आता हार्ड डिस्कची पाळी आली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

दोन तोंडांचे कार्ड सर्व्हरमध्ये असेल तर तिसरे यंत्रही अशाच वेगळ्या केबलने आणि वेगळ्या मालिकेने जोडता येते. चौथे आले की पत्त्यांचा हिशेब वहीत लिहून ठेवावा लागतो, आणि बहुतेक जण तिथेच स्विच घेतात.