पाळी गेल्यावरची कॅल्शिअमची गोळी

पन्नाशी आली, पाळी गेली की कॅल्शिअम आणि ‘ड’ जीवनसत्त्वाची गोळी सुरू होते, बऱ्याचदा डॉक्टरांना न विचारताच. हाडं कॅल्शिअमची, तेव्हा कॅल्शिअम घेतलं की हाडं भक्कम, असा सरळ हिशेब. हजारो बायकांवर तो तपासून झाला आहे.

१९९२ साली फ्रान्समधल्या वृद्धाश्रमांतल्या ३,२७० बायकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शिअम आणि ८०० एकक (IU) ‘ड’ मिळत होतं, उरलेल्यांना नुसती दिखाऊ गोळी. दीड वर्षात औषधवाल्या गटात खुब्याची मोडतोड ४३ टक्क्यांनी कमी दिसली. मग २००६ साली अमेरिकेतल्या ३६,२८२ बायकांचे निकाल आले. सात वर्षं गोळ्या घेऊन खुब्याच्या हाडाची घनता जेमतेम एक टक्का जास्त भरली, फ्रॅक्चर नक्की कमी झाले असं म्हणता येईना, आणि मुतखड्याचं प्रमाण मात्र १७ टक्क्यांनी वाढलं.

गोळीतले घटक तेच, मग निकाल उलटे का? फ्रान्समधल्या बायकांचं सरासरी वय ८४. बाहेर पडणं कमी, ऊन जवळपास नाहीच, खाणंही तुटपुंजं. त्यांच्या शरीरात खरोखर टंचाई होती, ती गोळीने भरून निघाली. अमेरिकेतल्या बऱ्याच जणींच्या पोटात आधीच पुरेसं कॅल्शिअम जात होतं. गोळी उणीव भरते. उणीव नसेल तर तिला करण्यासारखं फारसं उरत नाही.

शिवाय पाळी गेल्यावरच्या झिजेचं मूळ कारण जीवनसत्त्वाची कमतरता नाहीच. हाड आयुष्यभर पाडलं आणि बांधलं जात असतं. जुनं हाड विरघळवणाऱ्या पेशींना आवर घालायचं काम इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक करतं. ते ओसरलं की पाडापाडी जोरात चालते आणि बांधकाम मागे पडतं. नुसतं सामान आणून टाकल्याने पाडणारे थांबत नाहीत. त्यांना थांबवणारी औषधं वेगळी. २००७ साली झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडच्या अभ्यासात दोन्ही गटांना कॅल्शिअम आणि ‘ड’ दिलं होतं. तरीही ज्यांना वर्षातून एकदा हे औषध शिरेतून दिलं, त्यांच्यात तीन वर्षांत मणक्याची फ्रॅक्चर ७० टक्क्यांनी कमी झाली. अर्थात, ‘ड’ फार कमी असताना हे औषध दिलं तर रक्तातलं कॅल्शिअम धोकादायक खाली जातं, म्हणून आधी उणीव भरून घ्यावी लागते. माझ्या मते गोळीची खरी जागा ही आहे.

जास्त मात्रेचं आकर्षण मात्र सोडलेलं बरं. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या बायकांना ‘ड’ची वर्षाची मात्रा, तब्बल ५ लाख एककं, एकदम दिली गेली. २०१० साली निकाल आला तेव्हा पडण्याचं प्रमाण आणि फ्रॅक्चर, दोन्ही वाढलेलं निघालं.

गोळी चालू असेलच तर डब्याची मागची बाजू वाचा. ‘कॅल्शिअम कार्बोनेट १,२५० मिलिग्रॅम’ म्हणजे प्रत्यक्ष कॅल्शिअम ५०० मिलिग्रॅम. ती जेवणासोबत घ्यावी, पोटातल्या आम्लाशिवाय ती नीट विरघळत नाही. थायरॉईडची गोळी घेत असाल तर दोन्हींमध्ये चार तासांचं अंतर ठेवा; कॅल्शिअम तिला आतड्यातच अडवून धरतं.