समलिंगी भाविक आणि चर्च: आतून सुरू झालेला प्रश्न

समलिंगी असणे आणि ख्रिस्तावर श्रद्धा असणे यांचा मेळ बसतो का, हा वाद बाहेरच्या चळवळींनी चर्चमध्ये आणला, असे अनेकांना वाटते. खरे तर तो भाविकांनीच उभा केला.

१९५५ साली डेरिक शेर्विन बेली या अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) धर्मगुरूंनी याविषयीची ख्रिस्ती परंपरा मुळापासून तपासली. बायबलमधल्या सदोम नगराचा नाश समलिंगी संबंधांमुळे झाला, ही समजूत शतकानुशतके चालत आली होती. बायबलमधलाच यहेज्केल संदेष्टा मात्र सदोमच्या अपराधांत आधी गर्व आणि दीनदुबळ्यांकडे फिरवलेली पाठ मोजतो. लेवीय आणि रोमकरांस पत्र या बायबलच्या पुस्तकांतील वचनांवरचा वाद अजून मिटलेला नाही.

पण अभ्यासापेक्षा मोठे काम एका बैठकीच्या खोलीत झाले. ट्रॉय पेरी हे पेंटेकोस्टल या प्रोटेस्टंट पंथाचे पाळक. समलिंगी असल्यामुळे त्यांचे पाळकपद गेले, पुढे त्यांनी आत्महत्येचाही प्रयत्न केला. ६ ऑक्टोबर १९६८ रोजी लॉस एंजेलिसजवळच्या आपल्या घरी त्यांनी उपासना घेतली. बाराजण आले. त्यातून मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्च उभे राहिले. ज्यांना मंडळीने झिडकारले, त्यांनी देवाला सोडले नाही; मला या इतिहासात सर्वांत मोलाचे वाटते ते हेच.

किंमतही मोजावी लागली. २४ जून १९७३ रोजी न्यू ऑर्लिन्समधल्या अपस्टेअर्स लाउंज या बारला कोणीतरी आग लावली. ३२ जण गेले. त्यांत पेरींच्या चर्चचे स्थानिक पाळक बिल लार्सन आणि त्यांच्या मंडळीतले अनेकजण होते. मृतांच्या अंत्यविधीसाठी दार उघडायला शहरातील काही चर्चनी नकार दिला. विल्यम रिचर्डसन या एपिस्कोपल (अमेरिकेतल्या अँग्लिकन) धर्मगुरूंनी प्रार्थनासभा घेतली, तर त्यांनाच रोष सहन करावा लागला.

कॅथलिकांमध्ये जेझुइट या धर्मसंघाचे जॉन मॅक्नील यांनी १९७६ साली हाच प्रश्न ग्रंथातून मांडला. १९८७ मध्ये त्यांना संघातून काढण्यात आले. त्याच १९७६ साली सुरू झालेली एक्झोडस इंटरनॅशनल ही संस्था प्रार्थनेने लैंगिक कल बदलण्याची आशा दाखवत राहिली. २०१३ साली तिच्या प्रमुखांनी झालेल्या वेदनांबद्दल जाहीर माफी मागितली आणि संस्था बंद झाली.

व्हॅटिकनने डिसेंबर २०२३ मध्ये समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देण्याची मर्यादित मुभा दिली. विवाहाविषयीची शिकवण तीच राहिली. युनायटेड मेथडिस्ट चर्च या प्रोटेस्टंट पंथाने समलिंगी आचरणाच्या निषेधाचे १९७२ पासूनचे वाक्य २०२४ मध्ये आपल्या नियमग्रंथातून काढले. तोवर अमेरिकेतल्या हजारो मंडळ्या या वादामुळे त्या चर्चमधून बाहेर पडल्या होत्या.